सी विंगची पंचेचाळीस मिनिटं

घाटकोपर
९ फेब्रुवारी २०२५

पप्पा,

सविनय जय भीम.

या पत्रामागे माझा स्वार्थ आहे, ते आधीच सांगून टाकते. सोबत एक फॉर्म जोडलाय. खाली उजवीकडे पेन्सिलने फुली मारलीय, तिथे सही हवी. मधली जागा रिकामी ठेवा, ती मी भरेन.

फोन तुम्ही उचलत नाही. मेसेजवर निळी खूण येते, म्हणजे वाचता. आत्या म्हणते की तब्येत ठणठणीत आहे, सकाळी तिच्याबरोबर शेतावर जाता. म्हणजे आजार नाही, राग आहे. ठीक आहे.

मागे तुम्ही विचारलं होतं, "एवढी वर्षं कसली गं ही एम.एस्सी.? इतक्यात पोरं इंजिनिअर होऊन लग्नं करून मोकळी होतात." तेव्हा मी वैतागून उठून गेले होते. आता नीट सांगते. उपयोजित गणिताच्या पदवीला ऐंशी क्रेडिट लागतात. पेपर सगळे झाले. क्लासमध्ये शिकवता शिकवता दिले म्हणून वेळ लागला, एकदा नापासही झाले, ते तुम्हाला माहीत आहे. उरलाय फक्त प्रोजेक्ट. आमच्या विभागाचे त्याचे नियम कडक आहेत. प्रश्न खरा हवा, पुस्तकातला चालत नाही. आकडे खरे हवेत. गणिताने काढलेलं उत्तर प्रत्यक्ष तपासून दाखवायचं. आणि ज्याने नोंदी ठेवल्या त्याने त्या कशा ठेवल्या, याचं सही केलेलं निवेदन जोडायचं. माझ्या नोंदणीची मुदत जूनअखेर संपते. तोवर झालं नाही तर आधीचे सगळे पेपर बाद, पुन्हा पहिल्यापासून.

प्रश्न तुम्हीच दिला होता मला. मुलुंडला तुम्ही पाणी सोडायचात त्या सोसायटीत गच्चीवर टाकी एक, विंग तीन, पाणी कायम कमी. कुणाला किती वेळ सोडायचं? आणि अकरा वर्षांची रजिस्टरंही तुम्हीच दिलीत, पंपाच्या खोलीतून गोणपाटात गुंडाळून, खांद्यावर घेऊन आला होता.

सव्वीस जानेवारीला जे झालं, त्याबद्दल मी एवढंच म्हणेन की मला अंदाज नव्हता. झेंडावंदनानंतरच्या सभेत मी पडद्यावर आलेख दाखवायचे, हे सेक्रेटरी श्यामकांत काकांनी ठरवलं. रजिस्टरात प्रत्येक विंगला तीस मिनिटं लिहिलीत आणि टाकीची पातळी वेगळंच सांगतेय, हे मी गणित म्हणून मांडलं. कुणाचं नाव घेतलं नाही. तुम्ही संध्याकाळी चाव्या त्यांच्या टेबलावर ठेवाल आणि बावीस वर्षांची नोकरी सोडून आत्याकडे वाशिमला निघून जाल, हे मला कसं कळणार होतं?

सही तेवढी करा. परतीचं पाकीट तिकिटासकट आत आहे.

तुमची,
नीलम

घाटकोपर
२३ फेब्रुवारी २०२५

पप्पा,

सविनय जय भीम.

पाकीट आलं नाही. आत्याने फोनवर सांगितलं की तुम्ही पत्र दोनदा वाचलंत, घडी केलीत आणि डाळीच्या डब्याखाली ठेवलंत. डाळीच्या डब्याखाली म्हणजे फाडलं नाहीत, असा मी अर्थ काढला.

आई माझ्याशी बोलत नाही. म्हणजे "जेव" म्हणते, "डबा घे" म्हणते. परवा मात्र भाकरी थापता थापता एकदम म्हणाली, "एवढं शिकलीस आणि भर सभेत बापाला ऑपरेटर म्हणालीस?" सम्यक बाजूलाच बसला होता. एरवी बहिणीला चिडवायची एक संधी सोडत नाही, पण तोही ताट उचलून उठला.

तर मागच्या पत्रात मी लिहिलं की मला अंदाज नव्हता. ते खोटं होतं.

मला शुक्रवारीच कळलं होतं की रजिस्टरातल्या वेळा खऱ्या नाहीत. सभा रविवारी होती. माझ्या गाईड रेवती मॅडमनी बजावलं होतं, "आकडा विचित्र दिसला की आधी माणसाला विचार, समीकरणाला नंतर." त्या रात्री तुम्ही जेवत होता, मी समोर बसले होते. विचारलं नाही. कारण मला वाटलं, मला उत्तर माहीत आहे. पानंच्या पानं एकाच शाईत, एकाच हाताने, तीस-तीस-तीस. मी धरून चालले की तुम्ही महिनाअखेरीला बसून एका दमात सगळं भरून टाकता. कामचुकारपणा. मला तुमची लाज वाटली, पप्पा. खरं तेच आहे.

आणि आलेख झकास आला होता. तो लोकांना दाखवायचा मोह होता. टाळ्या पडल्या तेव्हा बरंही वाटलं. मग मागून कुणीतरी विचारलं, "हे लिहितो कोण?" तुम्ही खुर्च्यांच्या मागे वड्यांचा ट्रे घेऊन उभे होतात. मी तुमच्याकडे बघितलंही. आणि म्हणाले, "ऑपरेटर." पप्पा म्हटलं नाही.

फॉर्मची मधली जागा रिकामी का ठेवायला सांगितली, तेही सांगते. मी तिथे लिहिणार होते की नोंदी रोजच्या रोज आणि अचूक ठेवल्या. म्हणजे वेळांमधली गडबड मला 'मोजमापातली चूक' या खात्यात ढकलता आली असती आणि प्रोजेक्ट पास झाला असता. तुमच्याकडून खोट्यावर सही घ्यायला निघाले होते.

आणखी एक. सोसायटीत आता टायमर बसवलाय. प्रत्येक विंगला बरोबर तीस मिनिटं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. काल सी विंगच्या सातव्या मजल्यावरच्या कुंदा काकू थेट माझ्या क्लासच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दहावीची मुलं बसलेली. म्हणाल्या, "काय गं ए गणितवाली, आमची वाट लावलीस ना? आठवडा झाला, नळात नुसती हवा! शिवदासभाऊ पहाटे आमच्याकडे आधी सोडायचे, ते तुला खुपलं?"

मी तीस मिनिटं त्यांचं ऐकून घेतलं. त्या सोडतील तर ना!

नीलम

घाटकोपर
१६ मार्च २०२५

पप्पा,

सविनय जय भीम.

कुंदा काकूंच्या बोलण्यावरून उलटं गणित मांडलं. टाकीची पातळी तुम्ही रोज लिहायचात, प्रत्येक विंगच्या आधी आणि नंतर, फूट आणि इंच. ती कधीच गोल आकड्यात नाही. चार फूट सात इंच. दोन फूट अकरा. म्हणजे पातळी खरी आहे, फक्त वेळ खोटी आहे. माझ्या हे आधीच लक्षात यायला हवं होतं. कामचुकार माणूस शिडी चढून इंच कशाला मोजेल? तो पातळीही खोटीच लिहील.

मग पातळीवरून खऱ्या वेळा काढल्या. सी विंगला सरासरी पंचेचाळीस मिनिटं. रोज. अकरा वर्षं.

मग प्रश्न फिरवला. सी विंगचा पाइप जुना, आतून गंजून चोंदलेला. खालच्या मजल्यांच्या टाक्या भरेपर्यंत वर थेंब जात नाही. तर सी विंगला किती वेळ दिला म्हणजे तिथल्या सातव्या मजल्यावर बी विंगच्या सातव्याइतकं पाणी पोचेल? मी समीकरणं तीनदा सोडवली, मॅडमनी एकदा. उत्तर आलं चव्वेचाळीस.

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी हे कसं काढलं?" मी म्हटलं, "पाइपाला कान लावून." लहानपणी बघितलंय मी तुम्हाला, पाइपाला कान लावून डोळे मिटून उभे असायचात.

मला आता सगळं कळलंय. कमिटीचा ठराव होता तीस मिनिटांचा, म्हणून वहीत तीस लिहिलं आणि पाणी सोडलं ते न्यायाने. आणि मी तुम्हाला सभेत चोर ठरवलं. मला माफ करा, पप्पा. मनापासून सांगते.

आता फॉर्मचं. मॅडम म्हणतात की निवेदनात खरं लिहिलं तरच प्रोजेक्ट उभा राहतो. निवेदनच नसेल तर राहत नाही, आणि नवा प्रश्न घ्यायला आता वेळ नाही. पण खरं लिहायचं म्हणजे 'मी अकरा वर्षं खोट्या वेळा लिहिल्या' याच्याखाली तुमची सही, आणि त्याची एक प्रत सोसायटीला द्यावी लागणार, परवानगीच्या पत्रात तशी अट आहे. पुन्हा कुठे काम मागायला गेलात तर तेच पुढे येईल. ते मला नको. फॉर्म फाडून टाका. पदवी नाही मिळाली तर क्लास काय बंद पडणार नाही.

मात्र उत्तर पाठवा. 'पत्र पोचलं' एवढं लिहिलंत तरी चालेल.

नीलम

वाशिम
२८ मार्च २०२५

चि. नीलमला शिवदासचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. मी रागावलो नाही. पहिले दोन दिवस होतो. ऑपरेटर म्हणालीस म्हणून नाही, ऑपरेटर तर मी आहेच. आधी विचारलं नाहीस म्हणून. ते तू लिहिलंस, विषय संपला. आईला सांग, पोरीशी नीट बोल.

पण मी चाव्या ठेवल्या त्या तुझ्यामुळे नाही.

तू पडद्यावर प्रत्येक विंगला जाणाऱ्या पाण्याच्या तीन रेघा दाखवल्या होत्यास. सी लाल, बी निळी, ए हिरवी. सगळे लाल बघत होते. लाल मला पाठ होती, मीच ओढलेली. मी हिरवी बघत होतो. ती शेवटी एकदम खाली बसते. तू त्यावर काही बोलली नाहीस.

ए विंगचा नंबर शेवटचा. चावी तीस मिनिटं उघडी ठेवायचो, त्यात खोट नाही. पण तोवर टाकीच तळाला लागलेली असायची. वीस मिनिटांनंतर पाइपात काय जात होतं? सी विंगला पंधरा मिनिटं जास्त दिली ती आकाशातून आली नव्हती.

सी विंगमध्ये कुंदाताई आहेत. गॅलरीत येऊन ओरडतात, "शिवदासभाऊ, पाणी!" ए विंगच्या सातव्यावर मृणालिनी बाई आहेत, शाळेत शिक्षिका होत्या, एकट्याच राहतात. त्या कधी ओरडल्या नाहीत. मी समजलो की पोचतं. दिवाळीला हातात फराळाचा डबा द्यायच्या, बरे आहात ना शिवदास, म्हणायच्या. एकदाही मी विचारलं नाही की बाई, पाणी येतं का. जो ओरडला त्याच्याकडे चावी फिरवली, नीलम. आणि वर मनात म्हणायचो, कमिटीपेक्षा आपण न्यायाने वागतो.

ते सभेत एका रेघेत दिसलं. त्या बाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. त्यानंतर तिथे चावी फिरवायला हात झाला नाही.

तू लिहितेस की चव्वेचाळीस बरोबर आले आणि मी न्यायाने वागलो. कोणाच्या वाट्याचे आले, ते तुझ्या गणितात आहे का? नसेल तर गणित कच्चं आहे. माझं कौतुक करून पास होऊ नकोस.

आणि चव्वेचाळीस हिवाळ्यात. मे महिन्यात बी विंगची मंडळी गावाला जातात, तेव्हा बीला पंधरा मिनिटं पुष्कळ होतात. ते पातळीत दिसेल, बघ.

फॉर्म फाडला नाही. सही केली आहे. मधल्या जागेत मी माझ्या हाताने लिहिलं आहे, ते खोडू नकोस. सोसायटीला प्रत जाऊ दे. तीस मिनिटांचा ठराव चुकीचा होता, हे मी तेव्हाच उभं राहून सांगायला हवं होतं. आपलं कोण ऐकतं म्हणून वहीत तीस लिहीत गेलो. ती चूक माझी.

कधी येता, असं विचारू नकोस. त्या बाईंना तोंड कसं दाखवायचं ते अजून ठरत नाही.

शिवदास

घाटकोपर
१३ एप्रिल २०२५

पप्पा,

सविनय जय भीम.

तुम्ही लिहिलेलं निवेदन मॅडमना दाखवलं. 'वेळा मी खोट्या लिहिल्या. पातळी खरी आहे. सी विंगला दिलेलं जास्तीचं पाणी ए विंगचं होतं, हे मला आता कळलं.' मॅडमनी ते वाचून मला विचारलं, "आणि तुला? तुला कधी कळलं?" मला हसावं की रडावं ते समजेना. हिरवी रेघ मी स्वतः काढली होती. तिच्या शेवटच्या टोकाला मी 'किरकोळ फरक' असं लिहून ठेवलं होतं. मी गुन्हेगार शोधत होते ना, तो लाल रेघेत सापडल्यावर पुढे बघितलंच नाही. प्रोजेक्टचा अख्खा चौथा भाग खोडला.

मग ए विंगच्या सातव्यावर गेले. मृणालिनी बाईंनी आत बोलावलं, सरबत दिलं. मी विचारलं, "तुमच्याकडे पाणी येतं का हो?" त्या म्हणाल्या, "येतं की. पहाटे बारीक धार असते. नळ उघडाच असतो, रात्री खाली पातेलं लावून झोपते. उठेपर्यंत भरतं."

"एक पातेलं?"

"मला एकटीला कितीसं लागतं? कामवाली खालून दोन बादल्या आणून देते."

"तुम्ही कधी तक्रार केली नाहीत?"

त्यावर त्या जरा ओशाळल्या. "अगं, मला वाटायचं सातव्या मजल्यावर असंच येत असणार."

गणित पुन्हा मांडलं, या वेळी मजल्यांसकट. सी चाळीस, ए तेहेतीस, बी बावीस, आणि पहिला नंबर रोज बदलता. उन्हाळ्याचं कोष्टक वेगळं, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. पातळीत ते खरंच दिसतंय.

श्यामकांत काका राहतात बी विंगमध्ये! कमिटीसमोर बावीस म्हटल्याबरोबर म्हणाले, "हा कुठला न्याय?" मी काही बोलायच्या आत कुंदा काकू उभ्या राहिल्या. "तुमच्या बी विंगमध्ये गाड्या धुतात त्या कोणाच्या पाण्याने हो?" पुढचं सगळं लिहीत नाही, पण प्रयोग म्हणून मेमध्ये पंधरा दिवस मिळालेत. तुमच्या निवेदनाची प्रत काकांनी वाचली.  मग म्हणाले, "शिवदासने आम्हाला तोंडावर सांगायचं ना." मी म्हटलं, "तुम्ही ऐकलं असतं?" त्यांनी प्रत फाइलला लावली.

उद्या जयंती. गल्लीतल्या मिरवणुकीत तुम्ही नाही असं पहिल्यांदाच होणार. आईने तुमचा पांढरा सदरा धुऊन इस्त्री करून ठेवलाय. मी काही विचारत नाही, फक्त कळवतेय.

नीलम

घाटकोपर
८ जून २०२५

पप्पा,

सविनय जय भीम.

पास झाले. काल तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाऊण तास पिळून काढलं. पहिल्या मांडणीतली चूक कुणी दाखवली, असं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "माझ्या वडिलांनी. रजिस्टर त्यांनीच लिहिलंय, आणि वेळा खोट्या होत्या त्याही त्यांच्याच." ते गृहस्थ निवेदनाचं पान उलटून पुन्हा वाचायला लागले. निकाल हातात आला तेव्हा सगळ्यात आधी तुम्हाला फोन लावला. तो वाजत राहिला. मला फार वाईट वाटलं, पप्पा. पदवी मिळाल्याचा आनंद एकटीने कसा करायचा?

पण हे पत्र त्यासाठी नाही. प्रयोगाचा पहिला दिवस कसा गेला, ते तुम्हाला सांगायचं राहिलंय. परीक्षकांनाही मी ते सगळं सांगितलं नाही.

पाच मे, सोमवार. पहाटे पाचला मी आणि सम्यक पंपाच्या खोलीत. पहिला नंबर ए विंगचा. टाकी काठोकाठ भरलेली. मी टायमर बंद ठेवून चावी फिरवली, पाइपाला कान लावला आणि मला काहीसुद्धा कळलं नाही, नुसता घों घों आवाज. घड्याळ लावून उभे राहिलो. दहा मिनिटं झाली असतील, वरून हाक आली. आधी वाटलं कुंदा काकूच असणार. पण आवाज ए विंगच्या बाजूचा होता. वर बघितलं तर सातव्याच्या गॅलरीत मृणालिनी बाई, गाऊनवर, केस मोकळे, कठडा धरून जीव तोडून ओरडत होत्या, "शिवदास! अहो शिवदास! पाणी!"

मी चावी सम्यककडे दिली आणि जिन्याने धावत सुटले, लिफ्टची वाटही बघितली नाही. दार उघडंच होतं. रात्री सवयीने त्यांनी उघड्या नळाखाली पातेलं लावलं होतं. मी आदल्या दिवशी सांगून आले होते की उद्यापासून पाणी जोरात येईल, तरी सवय ती सवय. ओटा वाहत होता, स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी, त्यात चपला तरंगत होत्या. नळ बंद करायला गेले तर फिरेना, चाकी जागेवर गंजलेली. इतकी वर्षं तो पुरता बंद करायची वेळच कुठे आली होती?

मी ओट्याखालचा कॉक शोधून बंद केला आणि आम्ही दोघी फरशी पुसायला बसलो. त्या म्हणत होत्या, "अगं, केवढी धार होती, भीतीच वाटली मला!" आणि हसत होत्या. मध्येच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग थोड्या चिडल्यासुद्धा. "बावीस वर्षं मला कुणी सांगितलं नाही की इतकं येऊ शकतं!" मी मान खाली घालून पुसत राहिले. त्यांनी विचारलं, "शिवदास कुठे आहेत?" मी सांगितलं, गावी आहेत. का आहेत, तेही सांगितलं. तुमचं पत्र वाचून दाखवलं नाही, पण हिरव्या रेघेचं सांगितलं.

त्यांनी फडकं पिळलं आणि म्हणाल्या, "चुकलंच त्यांचं. माझंही चुकलं, मी ओरडायला हवं होतं. पण म्हणून काय गावी जाऊन बसायचं? हा नळ कोण बदलणार?"

मी दुसऱ्या दिवशी प्लंबर नेला होता. त्यांनी दारातूनच परत पाठवला. म्हणाल्या की शिवदास येतील तेव्हा बघतील, आणि मला त्यांना चार शब्द ऐकवायचे आहेत. तेव्हापासून महिना झाला, त्यांचा स्वयंपाकघरातला नळ बंद आहे आणि त्या मोरीतून पाणी भरतायत. प्रयोगाचे पंधरा दिवस संपले तरी वेळा त्याच चालू आहेत, म्हणून मोरीत मात्र भरपूर येतं, बादलीला बेचाळीस सेकंद, मी रोज मोजलंय.

पप्पा, त्या तुमच्यावर रागावल्या आहेत आणि तो राग तुमच्याच हातात द्यायला थांबल्या आहेत. या आणि तो घ्या. मी बरोबर येईन, दारात उभी राहीन. येताना पाना घेऊन या, इथला तुमच्या पिशवीत गेलाय.

नीलम